सुमित्राबाईचा बारावा फोटो

“हे घरी राहनारं होय, का बाहेर नेनारं?” इंदरलालने स्क्रीनकडे बोट दाखवून विचारलं.

“मामाजी, हे क्लाउडवालं आहे,” हेमेंद्र म्हणाला. “मतलब फोटो कंपनीच्या घरी राहतील. आपण इथून पाहायचे.”

“मंग पोरगी त्याइच्या घरी अन् आपन इथून पाहाची. कुठसा होय हा कंपनीवाला?”

“अमेरिका. नाहीतर सिंगापूर.”

“लय दूर होते जी,” पडद्याआडून जमुनाचा आवाज आला. “दिवाळीले तरी येईल का?”

देवरीच्या बसस्टँडमागे बिसेन फोटो स्टुडिओ आहे. पुढच्या खोलीत स्टुडिओ, मागे घर, आणि मधे तो पडदा, ज्याच्यामागून इंदरलालची बायको जमुना सगळा कारभार ऐकते. इंदरलालने एकुलत्या एका रवितासाठी नऊ स्थळं पाहिली होती, तेव्हा कुठे दहावं, हेमेंद्रचं, जमलं. तेव्हापासून कुठलीही वस्तू निवडायची त्याची ही एकच रीत. मोटरपंप घेतानाही त्याने दुकानदाराला विचारलं होतं, याच्या घराण्यात कोणाले काही बिमारी? जावई रविवारी गोंदियाहून आला आणि म्हणाला की फोटो लावून ठेवणारी तीन सॉफ्टवेअर आणली आहेत, आपण एक निवडू, तेव्हा इंदरलालच्या लेखी ती तीन स्थळंच झाली. पोहे झाले, चहा झाला आणि पाहणी सुरू झाली.

पहिलं स्थळ सकाळी आठला बसवलं होतं. अकरा वाजेपर्यंत त्याने फोटो वर नेले सेहेचाळीस. इंदरलालकडे फोटो दोन लाख अकरा हजार. हेमेंद्र गोंदियात एका राइस मिलमध्ये कॉम्प्युटरवर बसतो, त्यामुळे हिशेबाला पक्का. त्याने मोबाइलवर बोटं चालवली आणि सांगितलं, “दिनरात चालू ठेवलं ना मामाजी, तर दीड साल. लाइट गेली नाही तर.”

“तेरवी गुरुवारी आहे,” इंदरलाल म्हणाला.

तेरवी सुमित्राबाईची. पिपरटोल्याची सुमित्राबाई आठ दिवसांपूर्वीच्या शनिवारी वारली आणि पाचव्या दिवशी तिचा मुलगा दुधराम स्टुडिओत येऊन उभा राहिला. “भाऊ, मायचा फोटो पाह्यजे. घरी एकई नाई.” इंदरलाल नेहमीसारखा बोलून गेला, “मिळते. चिंता नोको करू.”

आता यात बढाई काही नव्हती. आमच्याकडे माणूस जिवंतपणी एकट्याचा फोटो म्हणून काढत नाही. काढू या म्हटलं तर उलट विचारतो, “कायले? मले का मराचं आहे?” आणि मेल्यावर घरचे धावतात इंदरलालकडे. मग तो कुठल्या तरी लग्नातून मयताला शोधून काढतो. पंगतीत लाडू तोंडात कोंबलेल्या केवळरामला त्याने लाडवासकट उचलला, लाडू काढला, फुगलेला गाल बसवला, मागे निळं आभाळ लावलं. फ्रेम पाहून केवळरामची बायको म्हणाली, “इतके शांत तर हे कधीच नोयते जी.” बावीस वर्षांत इंदरलालने एकाही मयताला नाही म्हटलं नव्हतं, आणि तालुक्यात त्याची जी काय इज्जत होती ती एवढ्यावरच.

हे जमायचं कसं, तर त्याच्या फोल्डरांमुळे. नाव-तारीख असले चोचले नाहीत. कॅमेऱ्यातली तारीख त्याने जन्मात लावली नाही. बॅटरी बदलली की कॅमेरा आपला पुन्हा एक जानेवारी दोन हजार चारवर. “फोटो काढू का घडी लावत बसू?” असं त्याचं म्हणणं. फोल्डरला नाव त्याला आठवेल ते. ‘मामा रुसला’. ‘आलूभाजी खारट’. ‘नवरदेवाची चप्पल गेली’. ‘मांडव उडाला, चिचगड’. ‘मांडव उडाला, दुसऱ्यांदा’. कोणी म्हणालं, आमचा बाबा ककोडीच्या लग्नात गेला होता, की इंदरलाल डोळे मिटायचा आणि म्हणायचा, “थे आलूभाजी खारट.” दोन मिनिटांत बाबा हजर.

पण गेल्या वर्षापासून घोडं पेंड खायला लागलं होतं. आलूभाजी आठवायची, गाव आठवायचं नाही. मामा रुसला हे आठवे, पण कोणाचा मामा? त्यात सुमित्राबाई म्हणजे कठीण काम. कॅमेरा दिसला की बाईने पदर नाकापर्यंत ओढलाच. तीन दिवस डोळ्यांत तेल घालून इंदरलालने तिचे अकरा फोटो शोधून पेनड्राइव्हवर काढून ठेवले होते. अकरा पदर! एकात हनुवटी दिसत होती, तीही बहुतेक शेजारणीची. दुधरामच्या स्वतःच्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा आई म्हणून एक पिवळं लुगडं उभं होतं. इंदरलाल घाबरला होता. कोणाला सांगत नव्हता, पण जेवण जात नव्हतं, आणि जमुनाने ते रविताला फोनवर सांगितलं, म्हणून हा जावई आणि ही तीन स्थळं.

पहिलं बाद झाल्यावर दुसरं आलं. हे घरच्या कॉम्प्युटरवरच राहणारं होतं, पण त्याच्या अंगावर बटणंच बटणं.

“लय दागिने घातले याच्यावर,” इंदरलाल नाक मुरडून म्हणाला. “गुन काय?”

“मामाजी, हे सगळं तारखेप्रमाणे लावते. साल, महिना, दिवस. एक क्लिक, बस. सब अपने आप.”

इंदरलालच्या मनात काहीतरी चुकचुकलं. पण तेवढ्यात पडद्यामागून पातोडीच्या रश्श्याचा वास आला, जमुना म्हणाली, “जवाईबापू, ताट वाढलं,” आणि हेमेंद्रने उठता उठता क्लिक केलं.

जेवण होऊन ते परत आले तेव्हा काम फत्ते झालेलं होतं. स्क्रीनवर एकच फोल्डर. दोन हजार चार. त्याच्या आत एकच, जानेवारी. त्याच्या आत एकच, एक. आणि त्या एकात दोन लाख अकरा हजार फोटो. देवरी तालुक्यातली बावीस वर्षांची लग्नं, साक्षगंधं, बारशी, चार सरपंचांच्या मिरवणुका आणि एका म्हशीचा विम्याचा फोटो, सगळं एका दिवसात उरकलं होतं.

“मामा रुसला कुठं आहे?” इंदरलालने हळूच विचारलं.

हेमेंद्रने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. “मामाजी… कॉपी नाही झालं. मूव्ह झालं वाटते.”

“म्हंजे?”

“म्हणजे पुराने फोल्डर… नाहीत.”

आता दुसरा कोणी असता ना, तर इंदरलालने त्याला शिव्या घालत बसस्टँडपर्यंत पोचवून दिलं असतं. पण जावई! ज्याचे पाय धुतले त्याला बोलायचं कोणत्या तोंडाने? इंदरलालचा चेहरा काळा पडला, निळा पडला, मग त्यावर हसू आलं. “काही हरकत नाई जवाईबापू,” तो म्हणाला, “होते असं.” आणि उठून मागच्या अंगणात गेला. अंगणात कूलर होता, मार्चपासून बंद पडलेला. इंदरलालने त्याच्यासमोर उभं राहून त्याला, त्याच्या बापाला आणि तो जिथून आला त्या गोंदिया शहराला जे काही सुनावलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

“मामाजी कोणाशी बोलून राहिले?” आतून हेमेंद्रने विचारलं.

“कूलर बिघडला आहे जी,” जमुना म्हणाली. “तुमी घ्या ना अजून रस्सा.”

हेमेंद्र काही बुद्दू नव्हता. कूलरला गोंदियाचा काय संबंध हे त्याला कळलं. त्याने रस्सा घेतला नाही आणि कानकोंडा होऊन तिसरं सॉफ्टवेअर बसवायला लागला. इंदरलाल आला तेव्हा त्याने सगळं आधीच सांगून टाकलं: हे घरीच राहते, फोटो हलवत नाही, फक्त तोंडं पाहते आणि एका माणसाचे सगळे फोटो एका जागी दाखवते. “बस मामाजी, टाइम लागेल. कल शाम तक.”

“बोलते का जास्त?”

“नाही. बीच बीच में विचारते.”

“इचारते?” इंदरलाल पहिल्यांदा जरा सरळ बसला. “पाहू दे.”

हेमेंद्र संध्याकाळच्या बसने गेला, सोबत अनारशांचा डबा. सासू-सासरे बस वळेपर्यंत हात हलवत उभे होते. बस वळली आणि इंदरलालने जे काही म्हटलं त्यावर जमुना म्हणाली, “चूप बसा. पोरगी सुखात आहे.”

सोमवारी संध्याकाळी मशीनचं तोंडं पाहून झालं. सहा हजारांवर माणसं निघाली. ज्याचे फोटो सगळ्यांत जास्त, तो पहिला. इंदरलालला वाटलं, कोणी पाटील असेल, नाहीतर आमदाराचा माणूस. पहिला निघाला खुशाल ढोलवाला. नऊ हजार चारशे बारा फोटो. प्रत्येक वरातीत पुढे खुशाल, प्रत्येक मांडवात कोपऱ्यात खुशाल. दुसऱ्या नंबरला मांडवाच्या पडद्यावरचा गणपती. इंदरलालने खुशालला फोन करून सांगितलं, तर तो केसांना तेल लावून, इस्त्रीचा शर्ट घालून बघायला आला. “तालुक्यात पयला नंबर?” त्याने तीनदा विचारलं. “गनपतीच्याई वरतं? मंग लेटरपॅडवर लिहून द्या ना जी.”

मशीन खरंच विचारत होतं. दोन चेहरे शेजारी ठेवायचं आणि खाली प्रश्न: ही एकच व्यक्ती आहे का? होय, नाही. पहिल्याच झटक्याला त्याने जमुना आणि तिची धाकटी जाऊ यांना शेजारी उभं केलं. या दोघींचं बोलणं बंद होऊन चौदा वर्षं झाली होती.

“डोरे फुटले का याचे?” जमुना पडदा बाजूला करून पुढेच आली. “मी अन् थे एक?”

इंदरलालने असं धाडकन ‘नाही’ दाबलं की माऊस टेबलावरून खाली पडला. पण मनात तो त्या मशीनवर खूष होता. चुकलं तर चुकलं, पण पुढे जाण्याआधी विचारलं तर! एवढी रीत माणसांना कुठे असते?

तरी सुमित्राबाई मिळत नव्हती. पदराला मशीन तोंड मानत नव्हतं. मग मंगळवारी दुपारी दुधराम आला. त्याच्याकडे आईचं ओळखपत्र होतं.

“हेच मोठं करा ना जी नाई मिळालं तर,” तो म्हणाला, पण त्याच्या आवाजात जीव नव्हता. कार्डावरच्या फोटोत बाईचे डोळे अर्धे मिटलेले, ओठ घट्ट, रंग सगळा राखेचा. “पन याले हार घालाची इच्छा नाई होत, भाऊ. वाटते, मेल्यावरच काढला.”

इंदरलालने कार्ड स्कॅन केलं आणि मशीनला दाखवलं, हिला शोध. गोल चक्र फिरायला लागलं. दुधराम स्टुलावर बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून, दवाखान्यात बसतात तसा. बेचाळीस वर्षांचा माणूस, पण बाप गेला तेव्हा सहा वर्षांचा होता. पुढे आईनेच त्याला वाढवलं, दुसऱ्यांच्या बांधीत धानाचा रोवणा करून. इंदरलाल त्याच्याकडे न पाहता चक्राकडे पाहत राहिला. सापडली नाही तर काय सांगायचं, हे वाक्य तो मनात जुळवत होता, आणि ते जुळत नव्हतं.

चक्र थांबलं. एकच फोटो आला.

पुढे खुशाल, ढोल पोटावर, छाती फुगवलेली. बँडच्या बॅनरसाठी त्याने हट्टाने काढून घेतलेला फोटो, म्हणून कुणाच्याच अल्बममध्ये न गेलेला. आणि त्याच्या खांद्यामागे एक बाई. डोक्यावरचा पदर पडलेला, केस सुटलेले, दोन्ही हात वर, तोंड उघडं, आणि ती अशी हसत होती की पुढचा एक पडलेला दात दिसत होता. मशीनने त्या तोंडाभोवती चौकोन काढला होता. ही तीच व्यक्ती आहे का?

दुधरामने वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “नाई जी,” तो म्हणाला. “हे माय नोहे. माई माय हासेच नाई.”

इंदरलालने श्वास सोडला. संपलं. त्याने बाण ‘नाही’वर नेला, तेवढ्यात चहा घेऊन जमुना आली आणि तिने ट्रे तसाच ढोलाच्या फोटोसमोर धरून ठेवला.

“थांबा, थांबा. हे सुमित्राबाई नोहे तं कोन होय?”

“वयनी, माय अशी नोयती.”

“तुले काय माईत? तू होता का तिथं?” जमुनाने ट्रे टेबलावर आपटला. “तुयाच लग्नातला होय हा. तुले हळद लागली होती, तू घरी पाटावर बसला होता. नवरदेवाले बाहेर सोडत नाईत. आमी साऱ्या बाया बाजा घेऊन तलावावर पानी आनाले गेलो. निवतं आमालेई होतं, मीई गेली. तुई माय साऱ्याइच्या मागून आली. विधवा बाई, कलशाले हात नाई लावला तिनं. दूर उभी राह्यली. अन् मंग खुशालनं ढोल असा धरला का बाई आलीच मधात! हे पाह्य, हे हिरवी बांगडी, हे कोपर माझं होय. मी बाजूलेच नाचून राहिली होती.”

इंदरलालने पाहिलं. कडेला खरंच एक कोपर होतं. बायकोचं कोपर आपण काढलं आणि आपल्याला आठवत नाही, याची त्याला लाज वाटली.

“माय नाचली?” दुधरामने विचारलं.

“अर्धा घंटा. खुशालचे हात दुखले, थे नाई दमली. अन् घर जवर आलं का पदर घेतला, तोंड बंद. मले म्हने, जमुनाबाई, दुधरामले नोको सांगू.”

“काऊन?”

जमुनाने चहाचा कप उचलून त्याच्या हातात दिला. दुधरामने तो तसाच खाली ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो ते लपवतही नव्हता.

“फेर एकदा पुसाले लावा ना त्याले,” तो म्हणाला.

प्रश्न स्क्रीनवरच होता. दुधरामने जन्मात माऊस धरला नव्हता. त्याने तो दोन्ही हातांनी धरला, बाण दोनदा टेबलाखाली गेल्यासारखा नाहीसा झाला, शेवटी इंदरलालने शोधून दिला, आणि दुधरामने ‘होय’ दाबलं. नाव काय, मशीनने विचारलं. ते इंदरलालने लिहिलं.

मग त्याने धंद्याचं बोलणं काढलं. मांडवात भाऊकी येणार, गाव येणार. “पदर डोक्यावर घेऊन देतो. माह्याजवर अकरा पदर आहेत तिचे. ओठ कार्डावरचे लावतो. मागं निळं आभाळ.” दुधराम हसणाऱ्या फोटोकडेच पाहत होता, तोवर त्याने करायला घेतलं. हात बसलेला होता, अर्ध्या तासात झालं. निळ्या आभाळापुढे पदर घेतलेली, ओठ मिटलेली एक शांत म्हातारी. इंदरलालने दोन्ही फोटो शेजारी ठेवले.

“हे माई माय होय,” दुधराम निळ्या आभाळाकडे पाहत म्हणाला. “रोजची.” मग दुसऱ्याकडे वळला. “इले मी भेटलोच नाई.”

दोन्ही काढून द्या म्हणाला, आणि एका पाकिटात घालून घेऊन गेला.

बुधवारी हेमेंद्रचा फोन आला. आवाज अजून खालीच होता. “मामाजी, मग कोणतं फायनल?”

“तिसरं,” इंदरलाल म्हणाला. “नाई समजलं तर इचारते थे. चांगल्या घरचं आहे.” मग त्याला जावयाची दया आली. “तुमीच तर आनलं, जवाईबापू. तुमच्याबिगर नाई भेटली असती बाई.” आणि हे त्याने मनापासून म्हटलं.

गुरुवारी इंदरलाल आणि जमुना पिपरटोल्याला गेले. मांडवात पाटावर फ्रेम होती आणि तिच्यापुढे उदबत्त्या. इंदरलाल लांबूनच थबकला. निळं आभाळ नव्हतं. कात्रीने ढोल कापला होता, खुशाल कापला होता, पण बाकी सगळं तसंच: सुटलेले केस, वर गेलेले हात, तो पडलेला दात. बायका येत होत्या, नमस्कार करायला वाकत होत्या आणि पाहून तिथेच थांबत होत्या. दोघी-तिघी तोंडाला पदर लावून बाजूला झाल्या. त्या तलावावर गेलेल्यांपैकीच असणार. रडत होत्या की हसत होत्या, ते जमुनालाच कळलं, कारण तीही त्यांच्यात जाऊन बसली.

भाऊकीतला म्हातारा रामलाल काठी टेकत आला, चष्मा पुसून पाहिलं आणि त्याच्या कपाळावर आठ्या चढल्या. “दुधराम, हे काय लावलं रे? डोकं उघडं, तोंड उघडं. तेरवी होय का वरात?” त्याने हात पुढे करून झेंडूचा हार ओढला आणि नीट मधोमध आणून तिच्या तोंडावर बसवला.

दुधराम पंगतीचं पाहत होता. हातातली वरणाची बादली त्याने खाली ठेवली, धोतराला हात पुसले आणि तो फ्रेमजवळ आला. त्याने हार उचलला, दोन्ही बाजूंनी कोपऱ्यांवर सरकवला, आणि सरकून परत खाली येऊ नये म्हणून मागच्या खिळ्याला अडकवला.

“राहू द्या, काका,” तो म्हणाला. “हासून राहिली थे.”

आणि बादली उचलून वाढायला गेला.